तपकिरी फ्रेम

सुनेने मोबाइल डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. तारा एकच होता.

चष्म्याच्या दुकानात त्या वेळी दोघंच होते. ती गल्ल्यावर, सासरे आतल्या बाकावर, चाकावर काच घासत. दीड वर्ष खपून तिने दुकानाचं नाव मोबाइलच्या नकाशावर वर आणलं होतं. गिऱ्हाइकांना लाडीगोडी लावून एकेक पाच ताऱ्यांचा अभिप्राय मिळवला होता. समोरच्या कोपऱ्यावर चष्म्यांचं तीन मजली दुकान उघडल्यापासून तर सगळी भिस्त या ताऱ्यांवरच होती. आणि आज कुणीतरी दुधात मिठाचा खडा टाकला होता. लिहिणाऱ्याच्या नावाच्या जागी नुसतं एक टिंब.

तिने मोठ्याने वाचलं, "'डाव्या डोळ्याची काच चुकीची बसवली आहे. मंगळवारी नेलेला तपकिरी फ्रेमचा चष्मा वापरू नये. परत आणावा.' बघा बाबा! ही तक्रार आहे की सरकारी नोटीस? समोरच्यांचाच उद्योग हा."

एरवी समोरच्या दुकानाचा विषय निघाला की सासऱ्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. आज चाकाची घरघर तेवढी वाढली.

तिने एका माणसाला फोन लावला. इंटरनेटवर दुकानांची अब्रू सांभाळणं हा त्याचा धंदा.

"त्यात काय, ताई? अभिप्राय खोटा आहे अशी आमच्या वीस खात्यांवरून तक्रार टाकतो. संध्याकाळपर्यंत गायब. तुम्ही फक्त हो म्हणा."

हो म्हणायला तिची जीभ जरा अडखळली. पाच मिनिटांत सांगते म्हणून तिने फोन ठेवला.

"बाबा, काढून टाकू ना? खोटंच तर आहे."

चाक थांबलं. सासरे उठून आले. त्यांनी तिच्या नाकावरचा चष्मा काढला आणि खिशातल्या मऊ फडक्याने पुसायला लागले. लग्न होऊन आली तेव्हापासून ते तिचा चष्मा रोज असाच पुसायचे, न विचारता. नवऱ्याला मात्र हे कधी सुचलं नाही, असं ती माहेरी हसत सांगायची.

"खोटं नाही गं. मीच लिहिलंय ते."

ती बघतच राहिली. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा धूसर दिसत होता.

"मंगळवारी तू बँकेत गेली होतीस, तेव्हा एक नर्सबाई चष्मा घेऊन गेली. लहान मुलांच्या वॉर्डातली. इंजेक्शनवरच्या बारीक रेघा दिसत नाहीत म्हणाली. दुसऱ्या दिवशी बघतो तर तिची डावी काच ट्रेमध्येच. दुसऱ्याचीच बसवून दिली मी. फोन नंबरही लिहून घेतला नव्हता. दोन दिवस फिरायला जातो म्हणून सांगत होतो ना? सगळी हॉस्पिटलं पालथी घातली. बाई काही सापडली नाही. पण ती म्हणाली होती, मोबाइलवर लोकांनी लिहिलेलं वाचून आले. म्हटलं, पुन्हा कधी उघडेल, म्हणून तिथेच लिहिलं."

"मग मला सांगायचं ना! आणि लिहायचंच होतं तर पाच तारे देऊन लिहायचं!"

"तू साधा मिक्सर घेतानासुद्धा आधी एका ताऱ्याचे अभिप्राय वाचतेस. म्हणतेस, बाकीचे वाचतंय कोण?" त्यांनी चष्मा अलगद तिच्या कानांवर बसवला. "तुझी दीड वर्षांची मेहनत मी मातीत घातली. कुठल्या तोंडाने सांगणार होतो?"

तिला राग आला होता आणि वाईटही वाटत होतं. तेवढ्यात फोन वाजला. तोच माणूस.

"मग ताई, काढायचा ना तो तारा?"

तिने सासऱ्यांकडे पाहिलं. आता चेहरा नीट दिसत होता. दोन रात्री झोप न झालेला.

"नको," ती म्हणाली. "तो सगळ्यांत वर कसा राहील, तेवढं सांगा."