बिबट्याचा मुखवटा

पुस्तकातल्या हत्तीसारखी पोरं डुलली, माकडासारख्या उड्या मारून दमली. पुढच्या पानावर बिबट्या होता. प्राणिसंग्रहालयाची चित्रं घेऊन शहरातून आलेल्या ताई हळूच बाहेर गेल्या आणि पुठ्ठ्याचा मुखवटा चढवून, गुरगुरत अंगणवाडीच्या दारात उभ्या राहिल्या.

कुणीच हसलं नाही. मोठ्या पोरांनी झटकन लहानग्यांना मधे घेतलं, भोवती कडं केलं आणि खिचडीच्या ताटल्या जोरजोरात बडवायला सुरुवात केली. एक मुलगी दोन्ही हातांनी स्वतःची मान झाकून उभी होती.

ताई गोंधळून मागे सरकल्या. पायरीवर तांदूळ निवडणाऱ्या मावशी खालच्या आवाजात म्हणाल्या, "आम्हीच शिकवलंय तसं. ती मान झाकून उभीये ना, तिच्या भावाला बिबट्यानं उसात ओढून नेलं, तेव्हापासून."

ताईंनी मुखवटा काढून ओढणीखाली दडवला. तोंड कुठे लपवायचं, ते कळेना. पाय उंबऱ्यावरच अडले.

ताटल्या थांबल्या. त्या मुलीनं मानेवरचा एक हात काढून ताईंपुढे केला.

"ताई, दारात नका थांबू. तो भायेरच आसंल. मधी या."