अंधारातलं रीडिंग

आलेख फारच गुळगुळीत होता, आणि साधना मॅडमना नेमकं तेच खटकत होतं.

नेरच्या कॉलेजात दिवसातून तीन-चारदा तरी लाइन जाते. पंखा थांबतो, पुन्हा गरगरतो, विजेचा दाब वरखाली होतो. आणि या धम्मदीपच्या आलेखाला साधा ओरखडाही नाही! कुठेतरी पाणी मुरत होतं. सोमवारी त्याचा प्रबंध विद्यापीठात जायचा होता आणि त्यावर मार्गदर्शक म्हणून त्यांची सही हवी होती. सही केली आणि उद्या आकडे खोटे निघाले, तर पोराबरोबर त्यांच्याही तोंडाला काळं. नाही केली, तर पोराच्या सगळ्या वर्षांची माती.

"माझ्यासमोर मोजून दाखव," त्या म्हणाल्या. "आत्ता."

धम्मदीपने कोपऱ्यातला बंद डबा आणून टेबलावर उघडला. आत काचपट्टीवर नखाहूनही लहान, काळसर चमकणारा एक पापुद्रा होता. भट्टीत वाढवलेला हा स्फटिक अभ्रकासारखा थराथरांचा असतो. चिकटपट्टी लावून ओढली की थर सुटून येतो. तसा एक पातळ थर त्याने दोन बारीक तारांच्या मध्ये बसवला होता. तो अंधारात विजेला किती अडवतो आणि उजेडात किती सोडतो, हे मोजायचं. प्रबंधाचा सगळा जीव एवढ्यात होता.

"लाइन गेल्यावर काय करायचास रे?"

"लाइनचं कामच नाही जी मॅडम. मीटर सेलवर चालते, अन् बाकी सारं बॅटरीवर. बाबाच्या फवारणीच्या पंपाची आणली हाय."

टेबलाखाली खरंच बॅटरी होती. तिला अजून कीटकनाशकाचा वास येत होता. पण संशयाची तऱ्हाच न्यारी. एका प्रश्नाचं उत्तर मिळालं की तो दुसरा उकरून काढतो. मॅडमच्या मनात आलं, प्रबंधात मोजलेला थर तरी हाच कशावरून? त्यांनी मोबाइलचा टॉर्च लावला, हातात भिंग घेतलं आणि डब्यावर वाकल्या. तारांचे जोड पाहिले, कडा पाहिल्या, खालची काचही तपासली. चांगला वेळ घेतला. धम्मदीप हात मागे बांधून उभा होता, आणि तेही त्यांना आवडलं नाही.

"हं. झाक आता. घे रीडिंग."

त्याने काळं कापड टाकलं, बटण दाबलं. प्रबंधात अंधारातल्या अडथळ्याचा आकडा होता चाळीसच्या आसपासचा. मीटर दाखवत होतं सात.

धम्मदीपने तारा चाचपल्या. पुन्हा बटण दाबलं. सातच.

"चाळीस कुठाय?"

"काल तं बराबर येत होतं जी..."

"काल मी नव्हते ना इथे!" मॅडमचा आवाज चढला, आणि राग आला की त्यांच्या तोंडी माहेरची पांढरकवड्याची बोली यायची. "मी समोर उभी राह्यली अन् चाळीसाचे सात झाले. मले काय येडी समजतं काय? खरं सांग, आकडे मनानंच टाकले ना?"

तो मीटरकडे बघत राहिला, मग त्यांच्याकडे. बी. एस्सी.च्या पहिल्या दिवसापासून तो त्यांच्या हाताखाली शिकला होता.

"हो जी," तो म्हणाला.

लाज वाटावी अशी गोष्ट आहे, पण ते ऐकून साधना मॅडमना बरं वाटलं. आपला अंदाज खरा ठरल्याचं समाधान! पोरगं बुडालं याचं दुःख त्याच्या मागून, सावकाश आलं.

"बाहेर थांब. मी विभागप्रमुखांना फोन करते."

तो व्हरांड्यात गेला. मॅडमनी फोन हातात घेतला आणि तेवढ्यात लाइन गेली. खिडक्यांना प्रयोगासाठी काळा कागद चिकटवलेला, त्यामुळे भरदुपारी खोलीत गुडुप अंधार झाला. दिसत होता तेवढा मीटरचा हिरवट आकडा.

अकरा.

त्यांनी डोळे चोळले. बघता बघता बारा झाले. उजेड करायला मोबाइलच्या टॉर्चकडे गेलेलं त्यांचं बोट जागच्या जागी थबकलं.

उजेड अंगावर घेतलेला थर तो लगेच सोडत नाही. वरून झाकला तरी कितीतरी वेळ वीज त्यातून सहज वाहत राहते. म्हणून आधी तो अंधारात निवू द्यायचा आणि मग मोजायचा. धम्मदीप तर तो रात्रभर झाकून ठेवायचा आणि सकाळी मोजायचा. हे त्याला शिकवलं कोणी? त्यांनीच. फळ्यावर लिहून, दोनदा समजावून. आणि आज त्यांनीच, खोटं पकडायच्या नादात, त्याच्यावर टॉर्च धरला होता.

त्या अंधारात स्टूल ओढून बसल्या. आकडा सतरावर गेला, चोविसावर गेला. पुढे त्याची चाल मंदावली, पण तो थांबला नाही. बाहेर कापसाच्या गाड्यांचे हॉर्न वाजत होते. बऱ्याच वेळाने एकोणचाळीस आले. मग चाळीस. मग तिथेच राहिले.

"धम्मदीप, आत ये."

तो दारातच उभा राहिला. डोळे पुसून आला होता. त्यांनी मीटरकडे बोट केलं. त्याने आकडा पाहिला, कापड पाहिलं, त्यांच्या हातातला मोबाइल पाहिला. मग घाबरल्यापायी विसरलेली गोष्ट त्यालाही आठवली.

"आकडे खरे होते ना तुझे?" त्यांनी विचारलं. "मग हो काहून म्हणाला रे?"



"तुम्ही इतक्या खात्रीनं बोलल्या जी मॅडम," तो म्हणाला, "मले वाटलं, मीच खोटं लिवलं असन."