भगवानरावांची जीप

भगवानराव गेल्यावर त्यांची जुनी जीप गोठ्यामागं गंजत पडली. पोरगा पंढरी ती भंगारात द्यायला निघाला, तशा त्याची आई वच्छलाबाई आडव्या आल्या. "माह्या जिवात जीव हाय तवर ही गाडी कोनी नेनार नाही," म्हणाल्या.

जीप ओढून इचोड्याच्या मिस्त्रीकडं नेली. जुने सुटे भाग नागपूरहून शोधून आणवले, इंजिन नव्यानं बांधून घेतलं, मूळचा हिरवा रंग चढवला. त्या सगळ्यात वच्छलाबाई दिवस दिवस गॅरेजातच बसून असायच्या. तामसी गावातल्या बाया म्हणायच्या, नवऱ्यावर जीव असावा तर असा.

वर्षश्राद्धाच्या दिवशी जीप दारात उभी राहिली. पंढरीचे डोळे भरून आले. त्यानं वडलांचा हार घातलेला फोटो ड्रायव्हरच्या सीटवर ठेवला.

"माय, ही बाबाची जागा. इथं आता कोनीच बसाचं नाही."

वच्छलाबाईंनी फोटो उचलून मागच्या सीटवर ठेवला, पदर खोचला आणि गॅरेजात शिकलेल्या हातानं गिअर टाकला.

"जन्मभर स्टिअरिंगले हात लावू देला नाही तुमी मले. आता बसा मागं."