झाडूची परीक्षा

बोक्याने मनगटात दात रुतवले, तरी मावशींनी हात मागे ओढला नाही. ओढला की कातडं फाटतं. बेवारस जनावरांच्या निवाऱ्यात वीस वर्षं काढल्यावर एवढं तरी कळतंच. रक्ताचा ओघळ कोपरापर्यंत आला.

"झालं समाधान, फौजदार?" मावशींनी त्याला विचारलं. बोक्याने जबडा सैल केला, तशी त्यांनी त्याला पिंजऱ्यात सोडून दार लावलं.

मांजर न्यायला आलेल्या आईने मुलीला दंडाला धरून मागे ओढलं. "हा नको. दुसरं दाखवा. घरात लहान मूल आहे."

"दुसरी मोठी मांजरं शेजारच्या खोलीत आहेत," नळाखाली मनगट धरत मावशी म्हणाल्या. "पण तुमची लेक तासभर ह्याच्यासमोरून हललेली नाही. आणि चावला तो मला. मी सुई टोचली म्हणून चावला. टोचल्यावर काय पापी घेईल?"

मुलगी परत जाऊन पिंजऱ्याच्या जाळीला नाक लावून बसली होती. पाच वर्षांची. गेल्या महिन्यात तिने वर्गातल्या दोन मुलांना चावे घेतले होते. एकाच्या कानाला तीन टाके पडले. आणखी एक चावा, की नाव काढून टाकू, असं शाळेने लेखी कळवलं होतं. समुपदेशक म्हणाली, घरात मांजर आणा, पण पिल्लू नको. पिल्लू काहीही सोसतं. मोठं मांजर सोसत नाही, त्याच्याशी हळूच वागावं लागतं, आणि मुलं ते आपसूक शिकतात. म्हणून आईने आज रजा टाकली होती. मांजर घेतल्याशिवाय परतायचं नाही, असं ठरवूनच ती आली होती.

"घरात एक चावरी आहेच," तिचा नवरा मोठ्याने हसला. तो क्रेन चालवायचा. खालच्या माणसाशी ओरडून बोलता बोलता तोच आवाज अंगवळणी पडला होता. "जोडी जमेल."

"हळू बोल रे," ती पुटपुटली.

मावशींनी त्याच्या खांद्यांकडे पाहिलं, मग पंजांकडे. ते तिच्या नजरेतून सुटलं नाही. तिच्या नजरेतून काहीच सुटत नसे. दाराची सैल बिजागरी, खिडकीची न बसणारी कडी, मुलीच्या फ्रॉकवरचा दुधाचा डाग.

मावशींनी अर्ज पुढे ओढला. "घरात रागीट कोण?"

"मी," नवरा म्हणाला. "पण घरी असतो कुठे? महिन्यातले वीस दिवस साइटवर."

"हात उचलता?"

"कुणावर, ह्या पोरीवर? एकदा हिच्या गालावरचा डास मारला, तर हिच्याआधी मीच रडकुंडीला आलो."

"आमच्याकडे कुणी कुणावर हात उगारत नाही," ती मध्येच म्हणाली. जरा घाईनेच.

मावशींचं पेन थांबलं. त्यांनी पुन्हा त्या पंजांकडे पाहिलं आणि मग कोपऱ्यातला झाडू उचलला.

ही इथली रीत होती. मोठं मांजर घरी द्यायच्या आधी सगळं कुटुंब जमिनीवर बसवायचं, पिंजरा उघडायचा आणि सगळ्यांसमोर झाडू उगारायचा. मारायचा नाही, नुसता उगारायचा. "आधीच्या घरात काय झालं ते जनावर सांगत नाही," मावशी म्हणाल्या. "झाडू सांगतो. ज्याने मार खाल्लाय ते झाडू वर जायची वाटच बघत नाही. ते आधीच लपतं. पण तोंड सांभाळा. मागच्या महिन्यात एकीच्या पापणीतून नख आरपार गेलं."

तिघं जमिनीवर बसली. मुलीच्या डोळ्यांवर आलेली बट मागे सारायला तिने हात पुढे केला. मुलीने डोळे गच्च मिटले.

"केसांना हात लावला की हिचं असंच," ती मावशींकडे बघून हसली.

पिंजऱ्याचं दार उघडलं. फौजदार बाहेर आला, अंग ताणलं, जांभई दिली. मावशींनी झाडूची मूठ घट्ट धरली आणि हात वर नेला.

बोका हवेतच झेपावला. झाडूला मिठी मारून त्याने मागच्या पायांनी काड्या ओरबाडल्या, फिसकारला, दोन काड्या दातांनी तोडून थुंकल्या. मग जमिनीवर उतरला आणि काही झालंच नाही अशा थाटात पंजा चाटत बसला.

"ह्याला कुणी मारलेलं नाही," मावशी म्हणाल्या. "नुसता भांडकुदळ आहे. न्या तुम्ही." त्या वळल्या.

मुलगी जागेवर नव्हती.

ती रिकाम्या पिंजऱ्यात होती. गुडघे पोटाशी, एक कोपर डोक्यावर. दुसऱ्या हाताची बोटं जाळीत अडकवून तिने दार आतून ओढून घेतलं होतं. ती कधी आत गेली ते कुणी पाहिलं नव्हतं. झाडू वर जायच्या आधीच गेली असणार.

नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. मावशींनी झाडू हळूच जमिनीवर आडवा ठेवला आणि त्याच्याकडे न बघताच म्हणाल्या, "साहेब, तुम्ही जरा बाहेर थांबा."

तो उठला. बाहेर गेला, दार लोटून घेतलं.

मुलीची आई जागेवरच बसून राहिली. तिचा उजवा तळवा घामाने ओला झाला होता. तो तिने ओढणीत लपवला.

मावशी पिंजऱ्यासमोर उकिडव्या बसल्या. "गेले हो बाबा, राणी. आता ये बाहेर. इथे कुणी मारत नाही."

मुलीने कोपर थोडंसं वर केलं. मावशींच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं आणि जाळी आणखी घट्ट धरली.

"बाबाला आत बोलाव," ती म्हणाली. "आईला बाहेर पाठव."