हार घातलेलं कव्हर

मेलेल्या माणसाला काही रीतभात असावी. आला तो भर दुपारी, बुटासकट ओसरीवर चढला आणि रांजणात तांब्या बुडवून उभ्यानंच पाणी प्यायला. चांगुणाबाईला पहिला राग त्या बुटांचा आला. पोरगं जिवंत आहे याचं काय करायचं, ते नंतर.

"माय, मी रंगनाथ."

"डोळे फुटले न्हाईत माझे. बूट काढ."

त्यानं मुकाट्यानं बूट काढले.

रंगनाथ अकरा वर्षांपूर्वी बोरीतून गेला होता. बाप सटवाजी मानवतच्या लग्नांत क्लॅरिनेट वाजवायचा. बाप गेल्यावर पोरानं ती उचलली, मुंबईच्या हॉटेलात नेली आणि तिथून एका साहेबाच्या बँडबरोबर थेट लंडन गाठलं. तिकडं जाझ नावाचं काहीतरी वाजवतो, असं त्यानं कळवलं. चार पत्रं आली, मग टपाल थांबलं. मागं राहिली लग्नाला वर्ष झालेली बायको, पंचफुला.

मग त्र्याहत्तर साली मुंबईहून पार्सल आलं. आत गाण्याची रेकॉर्ड. कव्हरावर रंगनाथचा चेहरा, हाताएवढा मोठा, आणि चेहऱ्याभोवती झेंडूचा गच्च हार.

हार घातलेला फोटो कुणाचा असतो, हे बोरीत शेंबड्या पोरालाही कळतं. पार्सल आलं सोमवारी आणि चांगुणाबाईनं ऊर बडवला बुधवारी. बाईला विश्वास बसायलाच दोन दिवस गेले, असं गल्ली म्हणाली. दिनकरराव गुरुजींनी कव्हर उलटंपालटं केलं. इंग्रजी असती तर त्यांनी लावली असती; ही कुठली तिसरीच भाषा होती. हारापुढं भाषेची गरजही नव्हती. मेल्यामागचं जलदान झालं. लाऊडस्पीकरवाल्यानं ती रेकॉर्ड लावली, तर सनईला हिवताप भरावा तसा आवाज आला आणि लोक जास्तच रडले. पंचफुलाच्या गळ्यातली पोत उतरली. कव्हर भिंतीवर लागलं.

वर्षानं चांगुणाबाईनं स्वतः पुढं होऊन पंचफुलाचं लग्न धाकट्या लेकाशी, किशनशी लावलं. नवरा मेलेल्या बाईला दुसरं घर मिळतं. नवरा नुसता गेलेला असेल, तर तिनं वाट बघायची. कुठवर, ते कुणी सांगत नाही.

रंगनाथची नजर भिंतीवर गेली. तो हसत सुटला.

"काय दात काढायलास?"

"माय, हे बघून तुमी मला मारलं?" त्यानं पिशवीतून दुसरं कव्हर काढलं. पुलावर उभे पाच वाजंत्री, टोकाला रंगनाथ. हार नाही, काही नाही. "रेकॉर्ड एकच हाय. आधी लंडनात निघाली, ती ही. मग फ्रान्सच्या कंपनीनं तीच काढली. तिकडं देश बदलला की कव्हर बदलतंय. तिथल्या चित्रकाराला वाटलं, हिंदुस्थानचा मानूस हाय, घाला हार. तिकडं मेल्याच्या फोटूला हार न्हाई घालत."

"मग मेलेलं कळतंय कसं त्यंला?"

"जाऊ दे. तुझी चूक न्हाई. खेड्यातल्या मानसाला काय ठावं." मग आवाज जरा खाली आला. "मी दोन्ही कव्हरं धाडली होती, मुंबईपत्तूर दोस्ताच्या हातून, म्होरं टपालानं. दोन्ही आली?"

"एकच आलं."

रंगनाथनं श्वास सोडला. "टपालवाले चोर, दुसरं काय," म्हणाला आणि भिंतीला पाठ टेकून ऐसपैस बसला. लंडनात आता राम राहिला नाही. काम मिळेना, आता चूलही स्वतःलाच पेटवावी लागते. आता इथंच राहायचं.

आढ्याला पाळणा टांगला होता.

"ह्यो कुणाचा?"

"किशनच्या लेकीचा. मायबापासंग शेतात गेली."

"किशनची बायको कुठली?"

"पंचफुला."

रंगनाथ भिंतीची पाठ सोडून ताठ बसला. आवाज एखाद्या साहेबासारखा झाला.

"चुकीनं झालेलं लगीन लगीन नसतंय. मी जिता हाय, बायको माझी हाय. संध्याकाळी गुरुजीला अन् चार मानसं बोलवतो, दोन्ही कव्हरं म्होरं ठिवतो. कुणाचा गुन्हा न्हाई, समद्यांची फसगत झाली. पोरगी किशनकडं राहू दे."

"अन् पंचफुलाला इचारायचं न्हाई?"

"तिला काय इचारायचं?"

ऊन उंबऱ्याला आलं होतं. कापूस वेचून दोघं आता निघालीच असतील. आल्या आल्या पंचफुला आधी पाय धुते, मग पोरीला पाळण्यात टाकते, मग सासूला विचारते, च्या टाकू का. दोन वर्षं ह्या घरात कुणी चढ्या आवाजात बोललं नव्हतं.

चांगुणाबाई गुडघ्यावर हात देऊन उठली. बाहेरचं दार लोटलं. कणगीमागं हात घालून एक फडकं ओढलं आणि त्याच्यापुढं सोडलं. आत पुलावरचे तेच पाच वाजंत्री होते आणि कव्हरात घातलेला घडीचा कागद.

रंगनाथनं कागदाला हात लावला नाही. अक्षर त्याचंच होतं.

"ही चिठ्ठी पोखर्णीला जाऊन वाचून घेतली," चांगुणाबाई म्हणाली. "तितं मला कुणी वळखत न्हाई. 'मी हितं दुसरं लगीन केलंय. पंचफुलाला कळू देऊ नको, ती गेली तर तुझं कोण करील.' न्हाई कळू दिलं. बोलव तुझ्या पंचाला, वाचू दे त्यंला बी. चूक कुणाचीच न्हाई झाली, रंगनाथा. त्या चित्रकारानं नुसता हार काढला. मारलं तुला मी."