पोचल्याचा मेसेज

वेंकटेशचा ‘पोचलो’ असा मेसेज अजून आला नव्हता, आणि वेंकटेश समोर बसून उप्पीट खात होता.

दीपश्रीचं लक्ष ताटलीकडं नव्हतं, नवऱ्याकडंही नव्हतं. ती लॅपटॉपकडं टक लावून बसली होती.

“अगं, खा की. गार झालं.”

“तुमचा मेसेज येऊ दे आधी.”

“मी धारवाडला पोचल्याचा?” वेंकटेश हसला. “अजून पायात बूट घातला नाही मी.”

“काल कुठं घातला होता? तरी आला होता. परवा तर तुम्ही आंघोळीला बसला होता.”

आता हे खोटं म्हणायची सोय नव्हती. बारा वर्षांचा तो लॅपटॉप एके काळी इतका मंद होता, की बटण दाबून जावं, कुकर लावावा, वाफ जिरवावी, पानं मांडावीत, मग कुठं त्याला जाग यायची. गेल्या आठवड्यात दीपश्रीनं तो जुन्या हुबळीतल्या बसवराजच्या दुकानात नेला. बसवराजनं जुनी डिस्क काढून नवी बसवली, मेमरी दुप्पट केली, पंख्यातून बशीभर धूळ काढली आणि विचारलं, “किती फास्ट पाहिजे, अक्का?”

“होईल तेवढा,” दीपश्री म्हणाली.

तेवढा झाला. फोनवर यायच्या तासभर आधी मेसेज लॅपटॉपवर यायला लागले. ‘आम्हाला जमायचं नाही गं, पोरांची परीक्षा आहे,’ असं नणंदेचं उत्तर आलं, तेव्हा हिनं जेवायला या म्हणून लिहिलंसुद्धा नव्हतं. मग मुद्दाम लिहिलं. तासाभरानं फोनवर उत्तर आलं, अक्षर न अक्षर तेच. कालपर्यंत नवराबायको पोट धरून हसत होती.

आज मात्र वेंकटेश एकटाच हसत होता. रोज स्कूटरवरून धारवाडच्या कॉलेजात जायचं आणि गेल्या गेल्या बायकोला तेवढा एक शब्द पाठवायचा, हा त्याचा नेम होता.

“नेट गेलं असेल.”

“नेट आहे. उद्या दूध येणार नाही म्हणून दूधवाल्याचा मेसेज आलाय आत्ताच. त्याला स्वतःला अजून ठाऊक नसेल.”

“मग मी विसरलो असेन.”

“लग्न झाल्यापासून एकदा तरी विसरलाय?”

“आज विसरणार असेन की. माणूस आहे मी.” तो उठला, हात धुतला आणि स्कूटरची किल्ली घ्यायला वळला.

दीपश्रीनं ती आधीच उचलली होती. ओट्यावर दोशाचं पीठ फुगून पातेल्याच्या काठाला आलं होतं. तिनं किल्ली त्यात टाकली. किल्ली सावकाश बुडाली.

“आता जावा.”

वेंकटेशनं पिठाकडं बघितलं. मग तिच्याकडं बघितलं. तिचे ओठ पांढरे पडले होते. पुढचा विनोद त्यानं गिळला, कॉलेजात फोन लावला आणि पोट बिघडलंय म्हणून सांगितलं.

मग तिनं बसवराजला लावला.

“अक्का, हळू चालतंय म्हणून लोक भांडायला येतात,” बसवराज म्हणाला. “फास्ट चालतंय म्हणून भांडणाऱ्या तुम्ही पहिल्याच.”

“भांडत नाही रे. भ्यायलेय. पहिल्यासारखा करून दे बाबा.”

“आणा की मग. जुनी डिस्क आहे माझ्याकडं, परत बसवतो. मी दुकानातच आहे.”

“दे इकडं, मी नेतो,” वेंकटेश म्हणाला.

“तुम्ही आज उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा नाही. मी रिक्षा बोलावते.”

रिक्षा बोलावली आणि दीपश्रीच्या जिवात जीव आला. नवरा घरात होता, किल्ली पिठात होती. तिनं केस बांधले. उभ्या उभ्या गार उप्पिटाचे दोन घास खाल्ले, मीठ कमी पडलंय म्हणाली. बाहेर हॉर्न वाजला, तशी तिनं पिशवी काढली आणि लॅपटॉप मिटायला हात घातला.

टुणकन आवाज झाला.

पडद्यावर वेंकटेशचं नाव होतं.

“आला बाई!” दीपश्री मटकन खुर्चीवर बसली. “बघा, तुमचाच आहे. उगाच जीव टांगणीला लावला मेल्यानं.” आणि तिनं वाचलं.

‘पोचलीस का?’

त्याच्याखाली दुसरा आला. ‘दीपा, फोन उचल.’

मग तिसरा. ‘बसवराज म्हणतोय, तू आलीच नाहीस.’

मग नुसतंच, ‘दीपा.’ पुन्हा, ‘दीपा.’

वेंकटेश तिच्या खांद्यावरून वाचत होता. त्याचा फोन टेबलावर ताटलीशेजारी पालथा पडला होता. सकाळपासून त्यानं कुणाला काही लिहिलं नव्हतं.

बाहेर परत हॉर्न वाजला. “अक्का, बर्री, या लवकर!” रिक्षावाल्यानं हाक मारली.

ओ द्यायला दीपश्रीचं तोंड उघडलं. वेंकटेशनं त्यावर हात दाबला, तिला तशीच ओढत दाराशी नेलं आणि दुसऱ्या हातानं कडी घातली.

“ती घरी नाही,” तो दाराआडून ओरडला.