तक्रार-अर्जातील चौथा प्रश्न

“रुग्णास इजा झाली आहे काय?” अर्जातील या चौथ्या प्रश्नापुढे मेट्रन एलिझाबेथबाईंनी ‘नाही’ अशी खूण केली. फोनवर सॉफ्टवेअर कंपनीचा सुनील होता. त्याने आवाज उतरवला.

“मॅडम, ‘होय’ करा. ‘होय’ असलं की आमचे लोक त्याच दिवशी कामाला बसतात. ‘नाही’ म्हटलं तर ती तक्रार राहत नाही, सुधारणेची विनंती होते. मग तुमचा नंबर दिवाळीनंतर.”

“इजा झालेली नाही, सुनील. जे घडले नाही ते मी लिहीत नाही.”

“एक टिचकी तर मारायची, मॅडम. कोण बघायला येतंय?”

“चौतीस वर्षांत माझ्या हातून एकाही केसपेपरवर खोटे अक्षर गेलेले नाही,” बाई म्हणाल्या आणि अर्ज तसाच पाठवला.

दोष साधा होता. नेवासा रस्त्यावरच्या त्या लहान रुग्णालयात जुना रुग्ण पुन्हा दाखल झाला, की संगणक नवा केसपेपर उघडी. कोणते औषध त्याला सोसत नाही, ही जुनी नोंद नव्यावर उतरत नसे. कागद होते तोवर बाई ती तांबड्या शाईने लिहीत. आता अशा रुग्णांची नावे त्यांनी एका वहीत घेतली होती. पाळी बदलताना त्या स्वतः ती परिचारिकांना वाचून दाखवीत. वही त्यांच्या कपाटात असे आणि किल्ली कमरेला. दुसऱ्याच्या हाती वही देणे त्यांना मानवत नसे.

वहीतले पहिले नाव छबूबाईचे होते. गेल्या वर्षी एका इंजेक्शनाने ती मरता मरता वाचली होती. अर्ज पाठवला त्याच आठवड्यात ती रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आली, तेव्हा तिने खिडकीतून संगणकाकडे बोट केले.

“शिस्टर, त्या विंजेक्शनाचं तुमच्या मशीनला म्हाईत हाय ना? मला तर त्याचं नाव बी घेता येत न्हाई.”

“मला माहीत आहे.”

“तुमी काय रोज हितं बसून असनार व्हय?”

“मी नसेन तेव्हा तू आजारी पडू नकोस,” बाई म्हणाल्या. दोघी हसल्या.

पुढच्या रविवारी सकाळी बाजाराला निघालेला टेम्पो वळणावर उलटला. छबूबाईला बेशुद्ध आणले. प्रार्थना नावाची नवी परिचारिका त्याच दिवशी कामावर रुजू झाली होती. तिने नाव घातले. नवा केसपेपर उघडला. अ‍ॅलर्जीचा रकाना कोरा होता. डॉक्टरांनी सांगितलेले इंजेक्शन तिने दिले. बाई त्या वेळी चर्चमध्ये उपासनेला बसल्या होत्या, फोन बंद ठेवून.

त्या आल्या तेव्हा चादर तोंडावर ओढलेली होती. प्रार्थना भिंतीशी उभी होती.

“तुझी चूक नाही,” बाई म्हणाल्या. “घरी जा.”

मग त्या संगणकापुढे बसल्या. तोच अर्ज उघडला आणि चौथ्या प्रश्नापुढे ‘होय’ अशी खूण केली.

चार मिनिटांत फोन वाजला.

“मॅडम, आमचे लोक बसले कामाला. संध्याकाळपर्यंत होऊन जाईल,” सुनील म्हणाला. त्याच्या आवाजात समाधान होते. “बरं झालं, शेवटी माझं ऐकलंत.”